फॅन्टसी फुटबॉलमध्ये आठवडा वाया गेल्यावर पुढच्या डेडलाइनपर्यंत काय करावे

फॅन्टसी प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे खऱ्या खेळाडूंचा कागदी संघ निवडून त्यांच्या प्रत्यक्ष सामन्यांतील कामगिरीवर गुण मिळवण्याच्या खेळात, संघ चालवणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याला असा एखादा आठवडा येतोच. कर्णधार दुखापतीमुळे पूर्वार्धातच मैदान सोडतो आणि त्याचा 1 गुण दुप्पट होऊन 2 होतो. बेंचवर राखीव ठेवलेला, म्हणून ज्याचे गुण आपल्याला मिळत नाहीत असा मध्यरक्षक दोन गोल करून 12 गुण आणि वर बोनस (सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूंना मिळणारे जादा गुण) मिळवतो. आणि ज्या बचावपटूंच्या भरवशावर आठवडा तरला असता, त्यांची क्लीन शीट (सामन्यात एकही गोल न खाणे) वाढीव वेळेत जाते. असे गेलेले गुण परत मिळत नाहीत, पण ते मोजके असतात. त्याच रात्री संतापाच्या भरात केलेले बदल मात्र पुढचे अनेक आठवडे महागात पडतात, आणि माझ्या मते हंगामातील बहुतेक मोठी घसरण अशा बदलांतूनच सुरू होते. म्हणून वाईट आठवड्यानंतर कोणती गोष्ट कधी करावी आणि कोणती मुळीच करू नये, हे क्रमाने ठरवून ठेवणे फार उपयोगाचे आहे.

सर्वप्रथम, गेमवीक (एका फेरीतले सर्व सामने) पूर्ण होईपर्यंत संघाला हात लावू नये. बोनस गुण पक्के व्हायचे असतात, आणि न खेळलेल्या खेळाडूंच्या जागी बेंचवरचे खेळाडू आपोआप येण्याची प्रक्रिया गेमवीक संपल्यावरच होते. त्यानंतर आपल्या गुणांशेजारी त्या आठवड्याची सरासरी ठेवून पाहावी. सरासरीच कमी असेल, तर आपली बेरीज दिसते तितकी वाईट नसते. हंगामाच्या सुरुवातीला सर्वांचे एकूण गुण जवळजवळ असल्याने थोड्या गुणांच्या फरकानेही क्रमांक प्रचंड घसरतो, हेही ध्यानात असावे.

यानंतरचे काम या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचे आहे आणि त्याला पुरेसा वेळ द्यायला हवा: फसलेला निर्णय मुळातच चुकीचा होता की निर्णय योग्य असूनही निकाल विरुद्ध गेला, हे प्रत्येक खेळाडूबाबत वेगवेगळे ठरवणे. त्यासाठी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. डेडलाइनच्या, म्हणजे संघ पक्का करण्याच्या अंतिम मुदतीच्या, क्षणी जी माहिती उपलब्ध होती, तेवढ्याच माहितीवर आज पुन्हा निवड करायची झाली, तर हाच खेळाडू घेतला असता का? उत्तर शोधताना गुणांकडे न पाहता तो किती मिनिटे खेळला, त्याने पेनल्टी क्षेत्रातून किती फटके मारले, त्याचे अपेक्षित गोल (मिळालेल्या संधींच्या दर्जावरून काढलेला गोलांचा अंदाज) किती होते आणि पेनल्टी व कॉर्नर कोण घेत आहे, या गोष्टी पाहाव्यात. एखाद्या आघाडीपटूने पूर्ण 90 मिनिटे खेळून गोलजवळून तीन चांगल्या संधी दवडल्या असतील, तर त्याला 2 गुण मिळाले असले तरी त्याला ठेवावे, कारण संधी मिळत राहिल्या की गोलही होतात. याउलट एखाद्याने केवळ पेनल्टीवर गोल करून 6 गुण मिळवले, पण सलग काही सामन्यांत खुल्या खेळातून त्याचा एकही फटका गोलच्या दिशेने गेला नसेल, तर काळजी त्याची करायला हवी. अपेक्षित गोलांच्या हिशेबात एका पेनल्टीचे मूल्य पाऊण गोलाहून थोडे अधिक धरले जाते, त्यामुळे पेनल्टी वजा करून उरलेला आकडा पाहिल्याशिवाय आघाडीपटूचे मूल्यमापन करू नये. बचावपटूंबाबतही हेच. शेवटच्या मिनिटाला क्लीन शीट गेली म्हणजे 4 गुण गेले, पण त्या संघाने सामनाभर प्रतिस्पर्ध्याला फारसे काही करू दिले नसेल, तर तो बचाव पुढेही भरवशाचा आहे. 2025-26 पासून टॅकल, इंटरसेप्शन, क्लिअरन्स आणि ब्लॉक या बचावाच्या कृती एका सामन्यात मिळून 10 झाल्या की बचावपटूला 2 गुण मिळतात, म्हणून क्लीन शीट क्वचितच मिळवणाऱ्या संघातला कष्टाळू मध्यवर्ती बचावपटूही सहज टाकून देण्याजोगा राहिलेला नाही.

बेंचवर गेलेल्या गुणांचे दुःख सर्वांत जास्त बोचते आणि त्यातून शिकण्यासारखे सर्वांत कमी असते. तपासायचे ते फक्त बेंचचा क्रम आणि रचना. संघात किमान तीन बचावपटू, दोन मध्यरक्षक आणि एक आघाडीपटू असावाच लागतो. त्यामुळे तीनच बचावपटू उतरवले असतील आणि त्यातला एक खेळला नाही, तर बेंचवर पहिल्या क्रमांकावर मध्यरक्षक असला तरी आत बचावपटूच येतो. ज्याचे खेळणे अनिश्चित आहे अशा खेळाडूला उतरवताना त्याच्या जागी नियमानुसार नेमका कोण येईल, हे आधीच पाहून क्रम लावावा.

कर्णधाराबाबत एक बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. कर्णधार एक मिनिटही खेळला नाही, तरच उपकर्णधाराचे गुण दुप्पट होतात. तो अखेरच्या पाच मिनिटांसाठी मैदानात आला, तरी उपकर्णधाराचा उपयोग संपतो. म्हणूनच आठवड्याच्या मध्यात युरोपीय स्पर्धेचा सामना असलेल्या संघातून कर्णधार निवडताना, तो सुरुवातीच्या अकरांत असेल का, या प्रश्नाला प्रतिस्पर्धी किती दुबळा आहे याइतकेच वजन द्यावे. उपकर्णधार शक्यतो दुसऱ्या सामन्यातला असावा, म्हणजे एखादा सामना पुढे ढकलला गेला तर दोघेही एकदम हातचे जात नाहीत.

आता मोफत ट्रान्सफरपलीकडे, म्हणजे दर आठवड्याला फुकट मिळणाऱ्या खेळाडू-बदलापलीकडे, प्रत्येकी 4 गुण मोजून केलेल्या बदलांविषयी. वाईट आठवड्यानंतर सर्वांत मोठा मोह हाच असतो, आणि त्याचा हिशेब बहुतेक जण अर्धवट मांडतात. बाहेर जाणारा खेळाडू 60 मिनिटे खेळला असता तर त्याला केवळ खेळण्याचे 2 गुण मिळालेच असते. म्हणजे एकाच आठवड्याचा विचार केला, तर नव्या खेळाडूने 6 गुण मिळवले तेव्हा कुठे बरोबरी होते, आणि फायदा व्हायला 7 लागतात. मध्यरक्षकाने एक गोल केला तर पूर्ण वेळ खेळून त्याचे 7 होतात. आघाडीपटूचे 6 होतात, म्हणजे त्याने गोल करूनही आपण जिथे होतो तिथेच राहतो. जुना खेळाडू जायबंदी असेल, तर तुलना त्याच्याशी न करता बेंचवरून त्याच्या जागी येणाऱ्याशी करावी लागते. तोही 2 गुण आणणारा असेल, तर गणित तेच राहते. हा बदल पुढचे चार-पाच सामने उपयोगी पडणार असेल आणि तसाही पुढच्या आठवड्यात करायचाच असेल, तरच 4 गुण मोजणे समर्थनीय ठरते. गेल्या आठवड्यात इतरांच्या संघात गुण मिळवणाऱ्याला या आठवड्यात घेण्यासाठी ते मोजू नयेत, कारण त्याचे ते गुण आपल्याला मिळणार नसतात. 2024-25 पासून पाच मोफत ट्रान्सफर साठवता येतात, आणि एक आठवडा शांत बसून पुढच्या आठवड्यात दोन किंवा तीन बदल एकत्र करणे हा संघ सावरण्याचा मला सर्वांत विश्वासार्ह वाटणारा मार्ग आहे.

हव्या असलेल्या खेळाडूची खेळातली किंमत वाढेल या भीतीने रविवारी रात्रीच ट्रान्सफर करणाऱ्यांनी विक्रीचा नियम आठवावा. 7.5 दशलक्ष पौंडांना घेतलेल्या खेळाडूची किंमत 7.8 झाली, तरी विकताना 7.6 मिळतात, कारण नफ्याचा निम्मा भाग खाली पूर्णांकित करून धरला जातो. म्हणजे 0.1 वाचवण्यासाठी घाई करण्यात फारसे हशील नाही. उलट आठवड्याच्या मध्यात तोच खेळाडू दुखावला आणि मोफत ट्रान्सफर उरलेला नसेल, तर पुन्हा बदल करायला 4 गुणांचा भुर्दंड ठरलेला. व्यवस्थापकांच्या पत्रकार परिषदा साधारण गुरुवारी आणि शुक्रवारी होतात. त्या होईपर्यंत थांबावे. अपवाद एकच: बँकेत (न वापरलेल्या रकमेत) 0.1 सुद्धा उरत नसेल आणि आखलेला बदल त्या एका वाढीने अशक्य होणार असेल, तर लवकर करण्याची जोखीम घ्यावी.

वाइल्डकार्ड (हवे तितके बदल मोफत करण्याची सवलत) आणि फ्री हिट (तशीच, पण एकाच आठवड्यापुरती सवलत) रागात खेळू नयेत, कारण एकदा पक्के केले की ते मागे घेता येत नाहीत. संघात न खेळणारे किंवा भूमिका बदललेले चार-पाच खेळाडू असतील, तर वाइल्डकार्डाचा विचार योग्य; एका आठवड्यात सर्वांनाच कमी गुण मिळाले, हे कारण पुरेसे नाही. 2025-26 च्या नियमांनुसार चारही चिप्स (या दोन्हींसारख्या खास सवलती) हंगामाच्या दोन्ही भागांत एकेकदा मिळतात आणि पहिल्या संचातल्या चिप्स एकोणिसाव्या गेमवीकच्या डेडलाइनपर्यंत वापराव्या लागतात. त्यामुळे ती तारीख जवळ आली असेल तर हात आखडता घेण्यात अर्थ नाही.

डेडलाइन पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटे आधी असते, म्हणजे त्या सामन्यातले संघ जाहीर होण्याआधीच निर्णय पक्का करावा लागतो. अर्धा तास आधी खेळाडूंच्या नावांवरील दुखापतीच्या किंवा बंदीच्या पिवळ्या आणि लाल खुणा एकदा तपासाव्यात, एकोणिसाव्या सामन्याच्या आत पाच पिवळी कार्डे झालेला कोणी एका सामन्याच्या बंदीत अडकला नाही ना हे पाहावे, कर्णधार, उपकर्णधार आणि बेंचचा क्रम वाचून घ्यावा, आणि संघ जतन झाल्याची खात्री करून पान बंद करावे.