लिव्ह अँड लायसन्सच्या इंग्रजी मसुद्यात या चुका टाळा

मुंबई-पुण्यात घर भाड्याने देताना अ‍ॅग्रीमेंट बहुतेक वेळा इंग्रजीतच होतं. जुनी फाईल उघडायची, नावं आणि रकमा बदलायच्या, प्रिंट काढायची. बाकीचे शब्द कुणी वाचत नाही आणि पुढे भांडण त्यांच्यावरूनच पेटतं.

सगळ्यात महागात पडते ती सरमिसळ. वर ‘लिव्ह अँड लायसन्स’ आणि आत कुठे ‘लेसी’, कुठे ‘टेनंट’, कुठे ‘रेंट’. हे लीजचे, म्हणजे भाडेपट्ट्याचे शब्द. लीजमध्ये जागेतला हक्कच समोरच्याकडे जातो. तिची व्याख्या 1882 च्या ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी अ‍ॅक्टच्या कलम 105 मध्ये आहे. लायसन्स ही नुसती वापरायची परवानगी; ती त्याच वर्षीच्या ईझमेंट्स अ‍ॅक्टच्या कलम 52 मध्ये. म्हणून लायसन्सर (मालक), लायसन्सी (राहणारा), लायसन्स फी (भाडं) हेच शब्द शेवटपर्यंत ठेवा. अर्थात नावं नीट लिहिली म्हणजे काम झालं असंही नाही. दिल्लीच्या इम्पीरियल हॉटेलातल्या केशकर्तनालयाच्या जागेचा करार ‘लायसन्स’ म्हणून केला होता. 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आतल्या अटी पाहिल्या आणि ती लीजच ठरवली. तेव्हा जागेचा पूर्ण, एकट्याचा ताबा देणारं वाक्य जुन्या मसुद्यातून चुकून आलंय का, हे आधी तपासा.

दुसरी चूक ‘शाल’ (shall, म्हणजे करावंच लागेल) आणि ‘मे’ (may, म्हणजे करू शकतो) यांची. ‘द लायसन्सर मे रिफंड द डिपॉझिट’ असं लिहिलं तर डिपॉझिट परत देणं मालकाच्या मर्जीवर आहे असा अर्थ निघतो. तिथे ‘शाल’च हवं, आणि किती दिवसांत तेही.

‘सब्जेक्ट टू’ (च्या अधीन राहून) आणि ‘नॉटविथस्टँडिंग’ (काहीही असलं तरी) वजनदार वाटतात म्हणून कुठेही टाकू नका. त्यांचा परिणाम एकमेकांच्या उलट आहे. समजा क्लॉज 9 मध्ये एक महिन्याची नोटीस आहे. लॉक-इनची, म्हणजे ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट ‘नॉटविथस्टँडिंग क्लॉज 9’ने सुरू झाली तर लॉक-इन वरचढ, ‘सब्जेक्ट टू क्लॉज 9’ लिहिलं तर नोटीस वरचढ, आणि लॉक-इनला अर्थच उरत नाही.

नोटरीचा शिक्का मारून थांबू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच धरलं जातं. खोडून काढायचं ओझं मालकावर.