पिंगचे उत्तर वाचताना आधी बोलणारा ओळखावा

तालुक्याच्या ठिकाणापासून पंचवीस किलोमीटर आत, कापसाच्या पट्ट्यातील गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवताना 'नेट बंद आहे' एवढ्या तक्रारीवर काम भागत नाही. दोष कोणत्या बाजूला आहे हे आपल्याला सांगता आले नाही, तर लाइनमनचा अर्धा दिवस मोडेम बंद-चालू करण्यात जातो आणि पीक विम्याची मुदत जवळ आलेली असताना अर्जदार ओट्यावर ताटकळत बसतात. हा दोष शोधण्याचे सर्वांत सोपे साधन प्रत्येक संगणकात आधीपासूनच असते. माइक मूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेला 'पिंग' हा छोटासा प्रोग्राम समोरच्या यंत्राला हाक देतो आणि परतीची साद किती मिलिसेकंदांत आली ते सांगतो. साद आली नाही तर जो संदेश दिसतो, त्याच्या शब्दांआधी तो कोणी पाठवला हे पाहावे, कारण दोषाची दिशा त्यावरूनच कळते.

विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी मोडेमच्या पत्त्याला पिंग करावे. बहुतेक ठिकाणी तो १९२.१६८.१.१ असा असतो, नसल्यास 'आयपीकॉन्फिग' या आज्ञेने 'डीफॉल्ट गेटवे'समोर दिसतो. त्यानंतर ८.८.८.८ सारख्या बाहेरच्या पत्त्याला आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला पिंग करावे. हा क्रम मोडू नये. मोडेमच उत्तर देत नसेल तर बाहेरचे पत्ते तपासण्यात अर्थ नाही. पत्ता उत्तर देतो, पण नाव दिल्यावर 'कुड नॉट फाइंड होस्ट' असे येते, तेव्हा लाइन धडधाकट असते आणि नावाचा पत्ता शोधून देणारी डीएनएस व्यवस्था अडलेली असते. 'जनरल फेल्युअर' आले तर पॅकेट, म्हणजे पाठवलेला माहितीचा छोटा गठ्ठा, आपल्या संगणकाबाहेर पडलेलेच नसते, त्यामुळे नेटवर्क कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा फायरवॉल पाहावी.

'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' हा कोणाचाच निरोप नव्हे. आपल्या संगणकाने ठरलेला वेळ, विंडोजमध्ये साधारणतः ४ सेकंद, वाट पाहिली आणि कोणीही काही बोलले नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज गेली की केंद्रातला मोडेम इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण पुढच्या गावातील यंत्रणेची बॅटरी संपलेली असते. तेव्हा मोडेम एका मिलिसेकंदात उत्तर देतो आणि त्यापलीकडे नुसती शांतता असते. मात्र अनेक सर्व्हर सुरक्षेसाठी पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत, म्हणून एका पत्त्याच्या मौनावरून लाइन बंद ठरवू नये.

'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' मात्र खरोखर कोणीतरी सांगितलेला निरोप असतो, आणि येथेच सर्वाधिक फसगत होते. एकदा केंद्रातील प्रिंटर सापडेना म्हणून मी त्याच्या पत्त्याला पिंग केले. चारही ओळी 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.५' अशा सुरू झाल्या आणि खाली 'लॉस्ट = ० (०% लॉस)' असे आले. प्रिंटर उत्तर देतो आहे असे समजून मी तासभर त्याचे सॉफ्टवेअर तपासत राहिलो. प्रत्यक्षात शेवटी ५ असलेला पत्ता माझ्याच संगणकाचा होता. त्याने प्रिंटरचा शोध घेतला, तो सापडला नाही आणि त्याने तसे मलाच कळवले. विंडोज हा नकारसुद्धा मिळालेल्या उत्तरांत मोजते, म्हणून शून्य टक्के तुटीवर विसंबू नये. निरोप आपल्याच पत्त्यावरून असेल तर शोध आपल्या खोलीत घ्यावा, बहुधा एखादी केबल निसटलेली असते. तो वाटेतल्या दुसऱ्या एखाद्या राउटरच्या, म्हणजे पॅकेटे पुढे पाठवणाऱ्या यंत्राच्या, पत्त्यावरून असेल तर पॅकेट तिथवर पोहोचले आहे आणि अडचण तिथून पुढे आहे.

पॅकेटचे आयुष्य म्हणजेच टीटीएल समजले की उरलेला गुंता सुटतो. हे आयुष्य सेकंदांत मोजले जाईल अशी मूळ कल्पना होती, पण व्यवहारात ते टप्प्यांत मोजले जाते. निघताना पॅकेटवर एक आकडा असतो, वाटेतला प्रत्येक राउटर त्यातून १ वजा करतो आणि ज्याच्या हाती तो शून्य होतो, तो राउटर पॅकेट टाकून देतो आणि तसे पाठवणाऱ्याला कळवतो. हा आकडा २५५ च्या वर जाऊ शकत नाही. लिनक्स साधारणतः ६४ आणि विंडोज १२८ पासून सुरुवात करते. पिंगच्या उत्तरात दिसणारा टीटीएल हा आपल्या हाकेचा नसून परत आलेल्या सादेचा उरलेला आकडा असतो. तो ११७ दिसला तर समोरच्याने बहुधा १२८ ने सुरुवात केली आणि परतीच्या वाटेवर ११ राउटर लागले, असा अंदाज बांधता येतो. जाण्याची वाट वेगळी असू शकते.

आयुष्याला ही मर्यादा नसती तर रस्ता चुकलेली पॅकेटे दोन राउटरांमध्ये कायमची घिरट्या घालत राहिली असती. म्हणून 'टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट' वाचले की आपल्या तारा आणि मोडेम सोडून द्यावेत. बहुतेक वेळा दोन राउटर एकमेकांकडेच बोट दाखवत असतात आणि ती दुरुस्ती सेवा देणाऱ्यालाच करावी लागते. याच नियमाचा उपयोग 'ट्रेसर्ट' ही आज्ञा करते: ती आयुष्य १, मग २, मग ३ असे देऊन पॅकेटे सोडते आणि वाटेतल्या राउटरांना क्रमाने बोलते करते. मध्येच एका टप्प्यावर तारका दिसल्या आणि पुढचे टप्पे नीट उमटले, तर तो राउटर फक्त मौन पाळतो आहे. पण तारका शेवटपर्यंत राहिल्या, तर शेवटचा बोललेला पत्ता लिहून घ्यावा.

लाइनमनला फोन करण्याआधी मी वहीत चार गोष्टी उतरवतो: वेळ, मोडेमने दिलेले उत्तर, बाहेरच्या पत्त्यासमोर आलेला नेमका संदेश आणि तो पाठवणाऱ्याचा पत्ता. मोडेमवर एलओएसचा ('लॉस ऑफ सिग्नल', म्हणजे सिग्नल तुटल्याचा) लाल दिवा लागला असेल तर तेही लिहितो, कारण त्याचा अर्थ फायबरमधून प्रकाशच येत नाही असा होतो, आणि मग लाइनमनने केंद्रात न येता आधी नालीचे खोदकाम चालू असेल तिथे केबल तुटली आहे का ते पाहावे, असे सांगता येते.