पावलं कुणाची, ते आधी ठरवा

माझ्या पहिल्या श्रुतिकेत, म्हणजे रेडिओवरच्या नाटकात, मी कंसात लिहिलं होतं: 'पावलांचा आवाज'. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी साउंड इफेक्ट सांभाळणाऱ्या बाईंनी विचारलं, "पावलं कुणाची? बूट की अनवाणी? फरशीवर की लाकडी जिन्यावर? जवळ येतायत की लांब जातायत?" एकाचंही उत्तर माझ्याकडे नव्हतं. खुनी कोण हे मला पक्कं ठाऊक होतं, पण तो चालतो कसा याचा विचारच केला नव्हता. तेव्हापासून मी प्रसंगातले आवाज आधी लिहून काढतो, संवाद नंतर.

रहस्यकथा लिहायची असेल तर सुरुवात रेडिओपासून करा, असं माझं ठाम मत आहे. तिथे चूक लपत नाही. तीन पात्रांच्या प्रसंगात एक जण दोन पानं गप्प बसला, तर श्रोत्याच्या लेखी तो खोलीतून निघून गेलेला असतो. पण श्रोत्याला दिसत नाही म्हणून "अरे, तुझ्या हातात पिस्तूल?" असली वाक्यं घालू नका, ती कानाला खोटी लागतात. खण उघडल्याचा आवाज, क्षणभर शांतता आणि समोरच्याचं अर्ध्यात तुटलेलं वाक्य, एवढं पुरतं. संहिता घड्याळ लावून मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तिथे वाक्य बदला.

ल्युसिल फ्लेचर यांची 'सॉरी, राँग नंबर' ही नभोनाटिका मिळवून ऐकाच. २५ मे १९४३ रोजी ती अमेरिकेत 'सस्पेन्स' या मालिकेत प्रथम प्रसारित झाली. अंथरुणाला खिळलेली बाई, एक टेलिफोन आणि चुकून जोडल्या गेलेल्या लाइनवर कानी पडलेला खुनाचा बेत. अर्ध्या तासाचा खेळ, तोही जवळजवळ सगळा फोनवर. १९४८ च्या चित्रपटाची पटकथाही त्यांनीच लिहिली, पण दीड तासाला ती एक खोली पुरणार नव्हती. मग नवरा आला, त्याचे व्यवहार आले, फ्लॅशबॅक आले. 'आता काय होणार?' याच्या जोडीला 'हे इथवर आलं कसं?' हा प्रश्न उभा राहिला. दोन्ही एकामागोमाग अभ्यासा. माध्यम बदललं की गोष्ट नव्याने बांधावी लागते, हे तिथे स्वच्छ दिसतं.

मला ते उशिरा कळलं. माझी एक श्रुतिका पडद्यासाठी लिहिताना मी संवाद जसेच्या तसे ठेवले. दिग्दर्शकाने पानभर संवादावर काट मारून लिहिलं: 'ती अर्धवट उघड्या दाराकडे पाहते.' वाईट वाटलं, पण प्रसंग उभा राहिला तो त्या एका ओळीमुळे.

करारात रेडिओचे आणि पडद्याचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. घाईत सही केल्यामुळे माझी एक कथा कायमची हातची गेली.

आणि पहिला नमुना पाठवताना मालिकेचा भलामोठा आराखडा नको. दोन पात्रं, एक खोली, दहा मिनिटं. वाचणाऱ्याला तेवढ्यात तुमचा कान कळतो.