हळद, जास्वंद, लिटमस: आम्ल-आम्लारी ओळखताना या चुका टाळा

डिसेंबर लागला की नाशिकमध्ये शाळाशाळांतून विज्ञान प्रदर्शनं भरतात आणि हळद-जास्वंदीचं एखादं टेबल ठरलेलंच असतं. ते असायलाच हवं. स्वयंपाकघरातल्या आणि परसातल्या वस्तूंवर खरं रसायनशास्त्र करता येतं हे मुलांना पटवायला याच्याइतका चांगला प्रयोग नाही. म्हणूनच त्याच त्या चुका पुन्हा दिसल्या की वाईट वाटतं.

हळद पिवळीच राहिली, म्हणजे पदार्थ आम्ल

ही चूक सर्वांत जास्त पसरलेली आहे. हळद फक्त आम्लारी ओळखते. सामू (pH, म्हणजे आम्ल-आम्लारीपणाचं माप; सात म्हणजे उदासीन) साधारण साडेसातच्या पुढे गेला की ती तांबडी व्हायला लागते. त्याच्या खाली लिंबाचा रस असो की निव्वळ पाणी, ती पिवळीच राहते. म्हणजे पट्टी पिवळी राहिली तर एवढंच कळतं की पदार्थ ठळक आम्लारी नाही. तो आम्ल आहे की उदासीन, हे हळद सांगत नाही.

एका प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. तक्त्यावर 'आम्ल' या रकान्यात लिंबू, चिंच, व्हिनेगर आणि त्यांच्याखाली साखरेचं पाणी, मिठाचं पाणी. टेबलावरच्या मुलीला विचारलं, "साखर आम्ल कशी गं?" ती म्हणाली, "सर, हळद बदललीच नाही ना!" तिने जे पाहिलं तेच लिहिलं होतं. हळद कुठवर सांगते आणि कुठे गप्प बसते, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. मी तिथेच एक पट्टी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून लाल केली आणि वाळू दिली. मग त्या लाल पट्टीवर एका टोकाला लिंबाचा थेंब, दुसऱ्या टोकाला साखरेच्या पाण्याचा. लिंबाखाली पट्टी लगेच पिवळी झाली, साखरेखाली लालच राहिली. तिने स्वतःच पेन काढलं आणि तक्ता दुरुस्त केला.

तेव्हापासून हळदीच्या पट्ट्या मी जोडीनेच ठेवतो, एक पिवळी आणि एक लाल केलेली. लाल पट्टीवर थेंब मात्र एकच टाका. जास्त पाणी ओतलं तर सोडाच धुऊन जातो आणि साध्या पाण्यानेही पट्टी पिवळी पडते. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होतो आणि खळबळून धुतल्यावर पुन्हा पिवळा दिसतो, ते याच कारणाने. हळदीला चुना लावून कुंकू करतात, त्यातला लाल रंगही इथलाच.

प्रयोगशाळेतल्या फिनॉल्फथेलिन या दर्शकाला (रंग बदलून आम्ल-आम्लारी ओळखवणाऱ्या द्रव्याला) हाच नियम लावा. आम्लातही रंगहीन, उदासीनातही रंगहीन.

हळद पाण्यात नीट विरघळत नाही, नुसती तरंगते आणि तळाशी बसते. सर्जिकल स्पिरिटमध्ये भिजवा, गाळा, त्यात टीपकागद बुडवून सावलीत वाळवा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा हे काम गॅसपासून लांब. आणि खाण्याच्या सोड्यावर ठसठशीत लाल रंगाची अपेक्षा ठेवू नका. त्याचा सामू आठच्या थोडा वर असतो, त्यामुळे पट्टी जेमतेम नारिंगी-तांबूस होते. तेवढ्यावरून सोडा आम्लारी नाही असं ठरवणारे पुष्कळ भेटतात.

लिटमसचा एकच कागद वापरणं

निळा लिटमस आम्लात लाल होतो, लाल लिटमस आम्लारीत निळा. पण निळा कागद निळाच राहिला म्हणजे आम्लारी, असं होत नाही. निळा आणि लाल, दोन्ही लावा. दोन्ही जसेच्या तसे राहिले तरच उदासीन म्हणा.

कोरड्या पुडीवर कागद टेकवणं

सायट्रिक आम्लाची भुकटी कोरड्या लिटमसला काहीही करत नाही. आधी पाण्यात विरघळवा.

बोअरचं पाणी 'साधं पाणी' समजणं

या चुकीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवला आहे, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. सिन्नरकडच्या एका शाळेतून फोन आला. जास्वंदीचा अर्क गुलाबी-लालसर येण्याऐवजी मळकट निळसर-हिरवट येतोय, प्रदर्शन दोन दिवसांवर आलंय. शिक्षक म्हणाले, "सर, फुलंच खराब आहेत." फुलं बदलून झाली होती, बाग बदलून झाली होती. गेल्यावर आधी पातेलं पाहिलं. आतून पांढरा खरवडावा असा थर. पाणी कुठलं विचारलं, तर शाळेच्या बोअरचं.

अशा पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट असतं, म्हणजे पाणी मुळातच आम्लारीकडे झुकलेलं. उकळल्यावर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, चुनखडीचा थर बसतो आणि सामू आणखी चढतो. जास्वंदीने आपलं काम चोख केलं होतं: पाणी आम्लारी आहे हे तिने रंगातून सांगितलं होतं. त्या पाण्यात अर्कही केला होता आणि तेच पाणी 'उदासीन' नमुना म्हणून परीक्षानळीतही ठेवलं होतं, म्हणजे तुलना करायला काही उरलंच नाही.

गावातल्या बॅटरीच्या दुकानातून डिस्टिल्ड वॉटर आणवलं, त्याच फुलांचा अर्क पुन्हा काढला आणि रंग हवा तसा आला. या दुकानातून आणताना बाटलीवरचं लेबल मोठ्याने वाचून घ्या. तिथेच बॅटरीचं ॲसिडही मिळतं, ते गंधकाम्ल असतं. मुलांना एकट्याने पाठवू नका. डिस्टिल्ड वॉटरही उघडं ठेवलं तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतं, म्हणून बाटली ऐनवेळी उघडायची.

माझी सवय सांगतो. कुठलाही अनोळखी पदार्थ तपासण्याआधी तीन ओळखीचे नमुने शेजारी मांडतो: लिंबाचा रस, डिस्टिल्ड वॉटर, चुन्याची निवळी. अर्काचा रंग या तिघांत तीन वेगळे दिसला तरच पुढे जातो. घाईत असलेली मुलं, आणि त्यांच्यामागे मोबाइल धरून उभे असलेले पालक, नेमकी ही पायरी गाळतात. त्यांना फक्त रंग बदलतानाचा व्हिडिओ हवा असतो. रंग बदलणं सोपं आहे, पण तो कशामुळे बदलला हे सांगता आलं तरच प्रयोग झाला.

जास्वंद लोखंडी कढईत उकळू नका, लोहाशी मिळून अर्क काळपट-जांभळा होतो. स्टील किंवा काच वापरा.

अख्खी द्राक्षं चिरडणं

नाशिकला राहून दर्शकासाठी लाल कोबी शोधत फिरायची गरज नाही. जानेवारीपासून काळी द्राक्षं भरपूर असतात आणि त्यांच्या सालीत तसलाच रंग असतो. पण बहुतेक जण द्राक्षं मिक्सरला लावतात. गराचं टार्टारिक आम्ल अर्कात उतरतं, रस सुरुवातीलाच लालसर असतो आणि थोडा सोडा घातला तर त्याला ते आम्लच खाऊन टाकतं. रंग हलत नाही, मग दोष सोड्याला. साल सोलून घ्या, गर पूर्ण धुऊन काढा, मग साल कोमट पाण्यात भिजवा. जांभळाला हेच लागू. कोकमाच्या वाटेला दर्शक म्हणून जाऊच नका, ते आंबटच आहे.

चुन्याच्या निवळीत हा अर्क हिरवा होतो आणि थोड्या वेळाने पिवळट पडतो, कारण तीव्र आम्लारीत रंगद्रव्यच मोडतं. थेंब टाकताच दिसलेला रंग लिहा.

बीटचं पाणी लोक हौसेने आणतात. अगदी तीव्र आम्लारी असेल तरच ते पिवळं होतं, एरवी लालच. मी ते वापरत नाही.

अर्क फ्रिजमध्येही फार दिवस टिकत नाही. वास बदलला की फेकून द्या, आंबलेल्या अर्कात स्वतःचंच आम्ल असतं. प्रत्येक नमुन्याला वेगळा ड्रॉपर घ्या. आणि चव घेऊन आम्ल ओळखायचं नाही, लिंबाचंसुद्धा, कारण टेबलावर शेजारी काय ठेवलंय ते मुलाला माहीत नसतं.

संडास साफ करायचं द्रव आणि कपड्यांचं ब्लीच हे दोन नमुने मी मुलांच्या टेबलावर ठेवू देत नाही. पहिल्यात बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ब्लीच तर दर्शकाचा रंगच उडवतं, त्यामुळे त्यातून सामूबद्दल काहीच कळत नाही. आणि उरलेले नमुने मुलं एकाच बादलीत ओततात. हे दोन एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो.