कुमार गटातला गडी पारखताना: प्रो कबड्डीच्या लिलावाआधी काय पाहावं

जत्रेच्या स्पर्धेत निवेदक ज्या पोराला दर चढाईला ‘वाघ’ म्हणतो, त्याचं नाव वहीत लिहायची घाई करू नका. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या मातीच्या मैदानांवर सामन्याला १२-१५ गुण घेणारे गडी दर मोसमात दिसतात. त्यातले मॅटवर, भरल्या अंगाच्या बचावासमोर टिकणारे थोडेच. म्हणून आज किती गुण मिळाले हे दुय्यम. मैदान, पृष्ठभाग आणि समोरचे गडी बदलल्यावर यातलं काय उरेल, पारख करायची ती याची.

वाट बंद नाही. नाशिकचाच आकाश शिंदे प्रो कबड्डीत पुणेरी पलटणकडून खेळत २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या भारतीय संघापर्यंत पोहोचला. पण वाटा एकापेक्षा जास्त आहेत, आणि नवख्या पोरासाठी थेट मोठा लिलाव ही त्यातली सर्वांत अवघड. ऑगस्ट २०२४मध्ये मुंबईत झालेल्या प्रो कबड्डीच्या ११व्या हंगामाच्या लिलावात सर्वांत खालच्या ड गटाची पायाभूत किंमत ९ लाख रुपये होती आणि यादीत पाचशेहून जास्त नावं होती. त्यात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या पहिल्या दोन संघांचे २४ खेळाडूही होते. याखेरीज संघ ‘न्यू यंग प्लेयर’ म्हणून कोवळी पोरं घेतात, ती बहुतेक निवड चाचण्यांतून. कुमार गटातल्या पोराची पारख करताना डोळ्यांसमोर ही दारं ठेवा. बारावीनंतर तो कुठल्या महाविद्यालयात प्रवेश घेतो, यालाही त्यामुळे महत्त्व आहे.

आधी मैदान मोजा

किशोर गट (१६ वर्षांखालील) ११ × ८ मीटरच्या मैदानावर खेळतो, तर कुमार गटातली मुलं (२० वर्षांखालील) पुरुषांप्रमाणे १३ × १० मीटरवर. किशोरांची निदानरेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) मध्यरेषेपासून ३ मीटरवर आणि जास्तीचा गुण देणारी बोनस रेषा ४ मीटरवर असते. कुमारांसाठी हीच अंतरं ३.७५ आणि ४.७५ मीटर होतात. हा पाऊण मीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण किशोर गटात बोनसवर जगणारा चढाईपटू नेमका इथेच अडतो. जाताना एक पाऊल जास्त, परतताना एक पाऊल जास्त, आणि तेवढ्या वेळात कोपरारक्षक घोट्याला हात घालतो. बचाव करणाऱ्यांचंही तसंच. लॉबी (दोन्ही कडांच्या पट्ट्या) वगळून ६ मीटर रुंदी सांभाळणारी, हात धरून उभ्या बचावपटूंची साखळी ८ मीटरवर फाटते.

त्यामुळे किशोरातून नुकत्याच वर आलेल्या पोराचे जुने आकडे बाजूला ठेवा आणि मोठ्या मैदानावरचे किमान पाच सामने पाहा. त्यात दोन तगड्या संघांविरुद्धचे आणि निदान एक मॅटवरचा हवा. मातीवर घसरत मध्यरेषा गाठण्याची सवय असलेला गडी मॅटवर बुटांत अडखळतो, कारण तिथे पाय सरकत नाही, रुततो. गुडघा आणि घोटा दुखावण्याचं हेही एक कारण आहे. मॅटवरच्या पहिल्या दोन-तीन सामन्यांत तो बावरला तर फुली मारू नका. सहाव्या सामन्यातही पाय तसेच पडत असतील तर मात्र नोंद करा.

चढाईपटू: गुणफलकापेक्षा वही

मुख्य चढाईपटूला एका सामन्यात साधारण १५ ते २० चढाया मिळतात. प्रत्येक चढाईला वहीत एक ओळ द्या: समोर किती गडी होते, कुठल्या बाजूने शिरला, गुण कशाने मिळाला (बोनस, हात, पाय, झटापट), किंवा रिकामा आला की बाद झाला, आणि तेव्हा गुणफलक काय होता. सामना संपल्यावर गुण तीन ढिगांत टाका: समोर सहा-सात गडी असताना घेतलेले, चार-पाच असताना घेतलेले, तीन किंवा कमी असताना घेतलेले.

दोन पोरांचे प्रत्येकी १० गुण आहेत असं धरा. पहिल्याने पाच बोनस घेतले आणि उरलेले पाच गुण समोर दोन-तीनच गडी असताना मिळवले. दुसऱ्याने सहा-सात जणांच्या बचावातून सात गडी टिपले. गुणफलक दोघांना सारखंच मोजतो. निवड दुसऱ्याची व्हायला हवी, कारण वरच्या पातळीवर भरलेला बचाव फोडणारा माणूस विकत घेतला जातो. बोनस मात्र हलका समजू नका. तो सहा किंवा जास्त गडी समोर असतानाच मिळतो आणि रेषेपलीकडे एक पाय टेकताना मागचा पाय हवेत लागतो. मागचा पाय घासत नेणाऱ्याचा बोनस गावच्या पंचांकडून सुटतो, मोठ्या स्पर्धेत सुटत नाही.

रिकामी चढाई म्हणजे अपयश नव्हे. दोन मिनिटं उरलीत, संघ तीन गुणांनी पुढे आहे, अशा वेळी पूर्ण ३० सेकंद खाऊन, निदानरेषा ओलांडून सुखरूप परतणारा पोरगा हुशार आहे. उलट सलग दोन रिकाम्या चढायांनंतरच्या तिसऱ्या, म्हणजे ‘करो या मरो’ चढाईत तो काय करतो ते वेगळ्या रंगाने लिहा. तिथे बाद होणं माफ. पण दर वेळी एकाच बाजूला, एकाच हालचालीने जाऊन बाद होणं माफ नाही.

काही खोडी लगेच दिसतात. ‘कबड्डी-कबड्डी’चा दम तुटतो. स्पर्श होण्याआधीच पाय लॉबीत पडतो. पाठ बचावाकडे करून परततो. हात मारताना मान खाली जाते. शेवटच्या दोन सवयी लहानपणी खपतात, कारण समोरचे कोपरारक्षक मंद असतात. या सुधारता येतात, पण प्रशिक्षकाने सांगून सहा महिने झाले असूनही सुटल्या नसतील तर विचार करा.

बचाव: पकड कमी, पाय जास्त पाहा

पकडपटूची पारख जास्त अवघड असते, कारण चांगला कोपरारक्षक कित्येक चढायांत काहीच करत नाही. तो उभा असतो म्हणून चढाईपटू त्या बाजूला फिरकत नाही. त्यामुळे यशस्वी पकडींसोबत प्रयत्नही मोजा. १० प्रयत्नांत पाच पकडी ही या वयाच्या कोपरारक्षकासाठी चांगली गोष्ट आहे. १०पैकी आठ आल्या तर तो फार निवडून, फार कमी वेळा तर जात नाही ना, हे तपासा.

फसलेल्या पकडींचे दोन भाग करा. एक, निर्णय चुकला: चढाईपटू खोल शिरण्याआधीच घाईने उडी मारली, किंवा साथीदार दूर असताना एकट्याने पट काढायला (पाय धरून ओढायला) गेला. दोन, निर्णय बरोबर होता पण ताकद कमी पडली, घोटा हातात येऊन सुटला. दुसऱ्या प्रकारची चूक व्यायामशाळेत दोन वर्षांत भरून निघते. पहिल्या प्रकारची पोराच्या स्वभावात असते, तिला वेळ लागतो, कधी निघतच नाही.

चढाई दुसऱ्या बाजूला चालू असताना नजर त्याच्यावरच ठेवा. तो टाचांवर उभा राहतो की चवड्यांवर? शेजाऱ्याचा हात सोडतो का? आपल्या संघाचे तीनच गडी उरले असताना अव्वल पकडीचा जास्तीचा गुण दिसतो म्हणून धावत सुटतो का? एका सामन्यात दहा मिनिटं एवढंच पाहिलं तरी बरंच कळतं.

शरीर

१६-१७ वर्षांच्या पोरांत जन्मतारखेपेक्षा अंगाची वाढ जास्त गोंधळ घालते. लवकर मिसरूड फुटलेला पोरगा आज ताकदीवर सगळ्यांना ओढतो, दोन वर्षांनी बाकीचे त्याच्या बरोबरीला येतात आणि त्याच्याकडे कौशल्य उरत नाही. दर तीन महिन्यांनी उंची आणि वजन लिहा, आईवडिलांची उंची विचारा. उंची अजून वाढतेय आणि पाय चांगले आहेत, असा काटकुळा गडी यादीत ठेवाच.

चाचण्या साध्या ठेवा: १० मीटर धाव, जागेवरून लांब उडी (तीन प्रयत्न, त्यातला सर्वोत्तम), ४ × १० मीटर शटल. कबड्डीच्या दमासाठी ३० सेकंद चढाईसारखी हालचाल आणि ३० सेकंद विश्रांती, अशा आठ फेऱ्या घ्या. पहिल्या आणि आठव्या फेरीतला फरक एका फेरीच्या वेगापेक्षा जास्त सांगतो.

गटाच्या वजनमर्यादेत बसायला वजन उतरवून आलेला पोरगा ओळखा. वजन मोजणीच्या आदल्या दिवशी पाणी तोडलेला गडी पहिल्या सामन्याच्या उत्तरार्धात ढेपाळतो. त्या सामन्यावरून दमाबद्दल मत बनवू नका, पण या सवयीबद्दल प्रशिक्षकाशी जरूर बोला. आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. ऑक्टोबर छाटणीत किंवा द्राक्षाच्या हंगामात दिवसभर बागेत राबून पोरं संध्याकाळी मैदानावर येतात. त्या दिवशीचे जड पाय आळसाचे नसतात, त्याला पुन्हा पाहा. थंडीत निफाडचा पारा उतरला की सकाळच्या सत्रात अंग तापवायला १५ मिनिटं तरी द्या, नाहीतर धावेची वेळ खोटी येते आणि मांडीचा स्नायू ओढला जातो तो वेगळाच.

चित्रीकरण आणि कागद

मोबाइल अंतिम रेषेच्या मागे, शक्य तितक्या उंचावर लावा. साखळीतलं अंतर आणि दोन्ही कोपरे तिथूनच दिसतात. दुसरा फोन असेल तर तो बाजूला, बोनस रेषेच्या सरळ ओळीत, म्हणजे मागचा पाय हवेत होता की नाही यावर वाद उरत नाही.

जन्मदाखला, दहावीची गुणपत्रिका आणि आधार या तिन्हींवरची तारीख जुळते का, ते चाचणीआधी पाहा. वयचोरी उघड झाली तर पोराचं वर्ष जातं, आणि शिफारस करणाऱ्याच्या शब्दाला नंतर किंमत राहत नाही. कुठली पावडर, कुठली गोळी चालू आहे तेही विचारा. डब्यावर जे छापलंय तेच आत असतं असं नाही, आणि उत्तेजक चाचणीत ‘माहीत नव्हतं’ हे उत्तर चालत नाही.

दोघांनी पाहिलं असेल तर आपापली टिपणं आधी स्वतंत्र लिहा, मग एकत्र बसा. चहाच्या टपरीवर आधी गप्पा झाल्या की दोघांचं मत एकच होतं आणि दुसऱ्या डोळ्यांचा उपयोग संपतो. संघाकडे पाठवताना पोराला १०पैकी गुण देऊ नका. तीन ओळी पुरेत: आज काय येतं, वरच्या पातळीवर काय चालणार नाही, ते सुधारायला किती महिने लागतील. सोबत चार मिनिटांची चित्रफीत जोडा आणि त्यात फसलेल्या चढाया, सुटलेल्या पकडीही ठेवा. फक्त टाळ्यांचे क्षण जोडलेली फीत निवड करणारे दहा सेकंदांत बंद करतात.