एटीपी आणि पेशीश्वसन शिकताना या चुका टाळा

पेशीश्वसन म्हणजे पेशी ग्लुकोजसारख्या अन्नातून ऊर्जा मिळवते ती प्रक्रिया, आणि एटीपी म्हणजे ती ऊर्जा कामापर्यंत पोचवणारा रेणू. परीक्षेतल्या उत्तरांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘एटीपीतला फॉस्फेटचा बंध तुटतो आणि त्यात साठलेली ऊर्जा बाहेर पडते.’ हे वाक्य लिहिणं सोडा. कुठलाही रासायनिक बंध तोडायला ऊर्जा घालावी लागते, मग तो एटीपीतला का असेना. रसायनशास्त्राच्या तासाला हे सगळ्यांना पटतं. जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं की विसरायला होतं.

मग ऊर्जा येते कुठून? एटीपीत तीन फॉस्फेट गट ओळीने जोडलेले असतात. पेशीत त्यांच्यावर मिळून जवळपास चार ऋण प्रभार असतात आणि ते एकमेकांना दूर लोटत असतात. पाण्याशी अभिक्रिया होऊन शेवटचा फॉस्फेट सुटला की हा ताण हलका होतो. सुटलेला फॉस्फेट आणि दोन फॉस्फेट उरलेला रेणू, म्हणजे एडीपी, हे दोन्ही पाण्यात जास्त स्थिर असतात. जुने बंध तोडायला जेवढं लागलं, त्याहून जास्त नवे बंध जुळताना मिळतं. मिळणारी मुक्त ऊर्जा (कामाला लावता येणारी ऊर्जा) प्रमाण स्थितीत मोलमागे सुमारे 30.5 किलोज्यूल असते. जिवंत पेशीत ती 50 च्या आसपास जाते, कारण पेशी एडीपीच्या तुलनेत एटीपीचं प्रमाण सतत चढं राखते. माझ्या मते या धड्याचा गाभा हाच आहे, आणि नेमका तोच घाईत उरकला जातो.

बंध तुटून ऊर्जा बाहेर पडते, याच समजातून आणखी एक गैरसमज निघतो: आधी ऊर्जा मोकळी होते, मग पेशी ती पकडते. नुसतं जलविघटन, म्हणजे पाण्याशी अभिक्रिया होऊन फॉस्फेट सुटणं, झालं तर हाती फक्त उष्णता लागेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा विकर तो फॉस्फेट थेट दुसऱ्या रेणूवर किंवा प्रथिनावर बसवतं. ग्लुकोज फोडण्याच्या सुरुवातीच्या टप्प्याची, म्हणजे ग्लायकोलायसिसची, पहिलीच पायरी पाहा: हेक्झोकायनेज हे विकर एटीपीचा फॉस्फेट ग्लुकोजला जोडतं.

एटीपीला ‘साठा’ म्हणू नका. शरीरात एका वेळी तो फारच थोडा असतो. तोच पुन्हा पुन्हा घडत-मोडत दिवसभर पुरतो. खरा साठा म्हणजे यकृत आणि स्नायूंतलं ग्लायकोजेन, चरबी आणि वनस्पतींत स्टार्च. वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात असंही समजू नका: त्यांनाही तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली श्वसनाची केंद्रं) असतात आणि त्या दिवसाही श्वसन करतात.

‘इलेक्ट्रॉन वहन साखळी एटीपी बनवते’ हेही अर्धवट. ही साखळी म्हणजे अन्नातून आलेले इलेक्ट्रॉन पुढे पुढे सरकवणारी प्रथिनं; ती तंतुकणिकेच्या आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलते. ते परत येताना एटीपी सिंथेज हे विकर फिरतं आणि एडीपीला फॉस्फेट जोडलं जातं. जीवरसायनशास्त्रज्ञ पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये ही कल्पना मांडली तेव्हा तिला मोठा विरोध झाला. 1978 मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

राहिला आकड्यांचा घोळ. एका ग्लुकोजमागे 36 किंवा 38 एटीपी हा जुना हिशोब साखळीपर्यंत इलेक्ट्रॉन पोचवणाऱ्या दोन वाहक रेणूंवर बेतलेला आहे: एका एनएडीएचमागे 3 आणि एफएडीएच2 मागे 2 एटीपी धरून. आता ते अंदाजे 2.5 आणि 1.5 मानतात, म्हणून बेरीज 30 ते 32 येते. पेशीद्रव्यातल्या एनएडीएचचे इलेक्ट्रॉन कोणत्या मार्गाने तंतुकणिकेत पोचतात, यावर ती थोडी बदलते. परीक्षेत तुमच्या पाठ्यपुस्तकातलाच आकडा लिहा, पण त्यामागचा हिशोब स्वतः एकदा कागदावर मांडून बघा.