बॅरियाट्रिक ऑपरेशननंतर बी जीवनसत्त्वं कशी घ्यायची: आधी बी-१, मग बी-१२

वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्या कुणालाही विचारा, कोणतं जीवनसत्त्व सांभाळायचं? उत्तर ठरलेलं असतं: बी-१२. ते बरोबर आहे, पण अर्धंच. बी-१२चा साठा यकृतात असतो आणि तो चांगला असेल तर वर्ष-दोन वर्षंही पुरतो. बी-१, म्हणजे थायमिन, शरीरात जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम साठलेलं असतं. पोटात काही टिकत नसेल तर ते दोन-तीन आठवड्यांत संपतं. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत उलट्या, मळमळ आणि दोन घासांत पोट भरणं चालू असतं, आणि बी-१ नेमकं त्याच काळात कमी पडतं. त्यामुळे खालच्या सगळ्या सूचनांत उलट्यांबद्दलचा भाग घरातल्या माणसांनाही वाचायला द्या.

१. आपलं ऑपरेशन नेमकं कोणतं, ते डिस्चार्ज कार्डवर बघा

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. रू-एन-वाय बायपास आणि मिनी बायपासमध्ये अन्नाला लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागावरून वळसा घालून पुढे नेतात. दोन्हींचा बी-१२वर परिणाम होतो, तो असा: अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं आणि ते शोषलं जायला जठरातच तयार होणारं ‘इंट्रिन्सिक फॅक्टर’ नावाचं प्रथिन लागतं. जठर लहान झालं किंवा वगळलं गेलं की दोन्ही कमी पडतात. मग दूध, दही, अंडी नीट खाऊनही बी-१२ आतड्यातून तसंच पुढे निघून जातं.

गोळीने काम होतं, कारण मोठ्या मात्रेतलं साधारण एक टक्का बी-१२ त्या प्रथिनाशिवायही आतड्याच्या भिंतीतून झिरपतं. १००० मायक्रोग्रॅम घेतलं तर १० च्या आसपास रक्तात जातं, आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमचीच आहे. गोळीवरचा आकडा पाहून ‘एवढं कशाला?’ असं वाटतं, त्याचं उत्तर हे.

२. घरी असलेल्या स्ट्रिपा समोर ठेवून आकडे जुळवा

अमेरिकेतल्या बॅरियाट्रिक सर्जनांच्या संघटनेच्या सूचना जगभर वापरल्या जातात. त्यानुसार रोजची मात्रा अशी:

- बी-१: किमान १२ मिलिग्रॅम. सुरुवातीच्या महिन्यांत किंवा खाणं कमी जात असेल तर ५० ते १००.
- बी-१२: तोंडावाटे ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन.
- फोलेट (म्हणजे बी-९; गोळीवर ‘फोलिक अॅसिड’ लिहिलेलं असतं): ४०० ते ८०० मायक्रोग्रॅम. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रियांना ८०० ते १०००.

बी-२, बी-३, बी-६ वगैरे बाकीची चांगल्या मल्टिव्हिटॅमिनमधून मिळतात. तुमच्या सर्जनने वेगळी मात्रा लिहून दिली असेल तर तीच पाळा.

आता स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ‘एमसीजी’ म्हणजे मायक्रोग्रॅम आणि ‘एमजी’ म्हणजे मिलिग्रॅम; १००० एमसीजीचा १ एमजी होतो. इथे तीन ठिकाणी हमखास गफलत होते.

पहिली, तोंड आल्यावर मेडिकलवाला देतो ती नेहमीची बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल. तिच्यात बी-१ साधारण १० मिलिग्रॅम असतं, पण बी-१२ अनेकदा फक्त १५ मायक्रोग्रॅम. ऑपरेशन न झालेल्या माणसाला ते भरपूर आहे. तुम्हाला त्यातून जवळपास काहीच मिळत नाही.

दुसरी, फोलिक अॅसिडची ५ मिलिग्रॅमची छोटी गोळी. आपल्याकडे हीच सगळ्यात सहज आणि स्वस्त मिळते. पण १ मिलिग्रॅमच्या वर रोज फोलेट घेऊ नये, कारण ते बी-१२च्या कमतरतेचा रक्तक्षय झाकून टाकतं. हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, घरचे निर्धास्त होतात आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. डॉक्टरांनी मुद्दाम लिहून दिली असेल तरच ती घ्या आणि किती दिवस, ते विचारून घ्या.

तिसरी, नसांच्या गोळ्यांची भर. पायाला मुंग्या आल्या की कुणी मिथाइलकोबालामिनची (बी-१२चाच एक प्रकार) गोळी सुचवतं, दुसऱ्या डॉक्टरांकडून दुसरी येते. बहुतेकींत बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिनही असतं. मल्टिव्हिटॅमिन, बी-कॉम्प्लेक्स आणि ही गोळी मिळून बी-६ महिनोन्‌महिने जास्त गेलं तर त्यामुळेच मुंग्या आणि बधिरपणा येतो. माणसाला वाटतं गोळी कमी पडते आहे, म्हणून तो आणखी वाढवतो. सगळ्या स्ट्रिपांवरचं बी-६ एकत्र मोजून डॉक्टरांना दाखवा.

गमीच्या, म्हणजे जेलीसारख्या गोड गोळ्यांच्या, वाटेला जाऊ नका. चवीला छान असतात, पण बहुतेकींत लोह नसतं आणि थायमिनही नसतं किंवा नावापुरतं असतं.

३. पहिले काही महिने गोळीचा प्रकार बदला

ऑपरेशनची आतली सूज उतरेपर्यंत मोठी गोळी अडकते, त्यानेच मळमळ होते आणि मग माणूस गोळीच बंद करतो. साधारण पहिले तीन ते सहा महिने चघळायची किंवा पातळ औषधं घ्या. जिभेखाली ठेवायची बी-१२ची गोळी असेल तर ती चावू नका. विरघळू द्या आणि लगेच पाणी पिऊ नका. हळूहळू विरघळणाऱ्या, ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ लिहिलेल्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या टाळा. वळसा घातलेल्या आतड्यात त्यांना विरघळायला पुरेशी जागाच मिळत नाही. मात्र साखरेची किंवा बीपीची अशी गोळी स्वतःहून कुटून घेऊ नका. तिला पर्याय डॉक्टरच देतील.

४. वेळापत्रक फ्रिजवर चिकटवा

बी जीवनसत्त्वांचं आपसात भांडण नाही. भांडण आहे ते लोह आणि कॅल्शियमचं, आणि मल्टिव्हिटॅमिनमध्ये लोह असतं. दोघांत किमान दोन तासांचं अंतर हवं. साधी मांडणी:

सकाळी नाश्त्यानंतर अर्ध्या तासाने मल्टिव्हिटॅमिन आणि बी-१, दोन घोट पाण्यासोबत. दुपारी जेवणानंतर कॅल्शियम, एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नाही. संध्याकाळी बी-१२. रात्री कॅल्शियमचा दुसरा डोस. थायरॉइडची गोळी असेल तर ती पहाटे उपाशीपोटी आणि लोह-कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी. म्हणजे मल्टिव्हिटॅमिन दुपारी सरकवायचं आणि कॅल्शियम संध्याकाळी.

रिकाम्या पोटी बी-कॉम्प्लेक्स घेतलं की अनेकांना मळमळतं, ते टाळा. लघवी गर्द पिवळी होईल. ते बी-२ म्हणजे रायबोफ्लेविनमुळे होतं आणि त्याची काळजी नको. पण पाणी कमी प्यायल्यानेही लघवी गडद होते, म्हणून प्रमाण आणि रंग दोन्हींकडे लक्ष ठेवा.

श्रावण असो की नवरात्र, उपासाच्या दिवशी गोळ्या सुटता कामा नयेत. कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं म्हणून ती नको असेल तर शाकाहारी कवचाची किंवा चघळायची मागा.

५. नागपूरचा उन्हाळा गोळ्यांनाही लागतो

स्ट्रिपवर बहुधा २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी बंद खोलीतलं कपाटही तापतं. गाडीची डिकी, खिडकीची चौकट, गॅसच्या वरचं फडताळ या जागा बाद. मिथाइलकोबालामिन उजेडानेही खराब होतं, म्हणून गोळी रंगीत स्ट्रिपमधून काढून पारदर्शक डबीत आठवडाभर ठेवू नका. कूलरच्या खोलीत दमटपणा असतो. चघळायच्या गोळ्या तिथे चिकट होतात. घरातल्या सगळ्यात थंड, कोरड्या खोलीत घट्ट झाकणाच्या डब्यात स्ट्रिपसकट ठेवा. गांधीबागेच्या दवाबाजारातून स्वस्तात घेताना एकदम वर्षभराचा साठा भरू नका, दोन महिन्यांचाच घ्या आणि मुदतीची तारीख बघा.

६. उलट्या सुरू झाल्या तर

ऑपरेशननंतर एखादी उलटी होतेच: घास नीट चावला नाही, घाईत खाल्लं, जेवताना पाणी प्यायलं. पण दोन-तीन दिवस काहीच टिकत नसेल, तर ‘या ऑपरेशननंतर असं होतंच’ असं म्हणून घरी बसू नका. गोळीही उलटीत जाते, त्यामुळे ‘गोळ्या चालू आहेत’ याला तेव्हा काही अर्थ उरत नाही. आधी सर्जनला फोन करा. ते भेटत नसतील तर नागपुरात मेडिकल (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय), मेयो, एम्स किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा.

धोका पुढे आहे. नागपुरात ऑपरेशन करून माणूस गोंदिया, गडचिरोली, यवतमाळकडे आपल्या गावी परततो. तिथे अशक्तपणा पाहून ग्लुकोजची सलाईन लावली जाते. ग्लुकोज जाळायला थायमिन लागतं. शरीरात उरलेलं थोडंसं थायमिनही त्या ग्लुकोजमागे संपतं आणि मेंदू उपाशी पडतो. यातून वेर्निके एन्सेफॅलोपॅथी होऊ शकते. त्यात डोळ्यांची हालचाल बिघडते किंवा दोन-दोन दिसतं, चालताना तोल जातो, माणूस गोंधळल्यासारखा बोलतो. तिन्ही लक्षणं एकदम दिसतील अशी वाट बघू नका. बहुतेक रुग्णांत ती तशी दिसत नाहीत. उपचार लांबला तर स्मरणशक्तीचं नुकसान कायमचं राहू शकतं.

म्हणून पाकिटात एक कार्ड ठेवा. त्यावर ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा फोन आणि हे वाक्य मोठ्या अक्षरात लिहा: ‘उलट्या होत असतील तर ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिनचं इंजेक्शन द्यावं.’ रक्तातली साखर फार खाली गेली असेल तर ग्लुकोज थांबवायचं नाही, दोन्ही सोबत द्यायचं. ते डॉक्टर ठरवतील. अशा वेळी थायमिन शिरेतूनच लागतं. मात्रा दिवसातून तीनदा २०० मिलिग्रॅमपासून दिवसातून एक-दोनदा ५०० मिलिग्रॅमपर्यंत असते. रक्ताच्या रिपोर्टची वाट न बघता ते सुरू करायचं असतं.

पायांवर सूज, पोटऱ्यांत दुखणं, जिना चढताना पाय उचलला न जाणं हीदेखील बी-१च्या कमतरतेचीच लक्षणं असू शकतात. ‘वजन झपाट्याने उतरलं म्हणून कमजोरी आली’ असं स्वतःच ठरवू नका.

७. गोळीचं काम बिघडवणाऱ्या गोष्टी

खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, पहिला. सुपारीत थायमिन निकामी करणारे घटक असतात. तंबाखूचे दुष्परिणाम वेगळेच. सकाळी गोळी आणि दिवसभर खर्रा हा हिशेब जुळत नाही. कडक चहातलं टॅनिनही थायमिन आणि लोहाला त्रास देतं, म्हणून गोळी आणि चहात तासाभराचं अंतर ठेवा. बायपासनंतर दारू फार लवकर चढते आणि थायमिनचं शोषण अडवते.

मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधं दीर्घकाळ चालू असतील तर बी-१२ आणखी घटतं. ती बंद करायची नाहीत, फक्त तपासणी लवकर करायची.

८. तपासण्या

पहिल्या वर्षी बी-१२ दर तीन महिन्यांनी, पुढे दरवर्षी. गोळ्या जन्मभर आहेत, तशा तपासण्याही. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), फोलेट. बी-१२ दर मिलिलिटरला २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. २०० ते ४०० च्या दरम्यान असेल आणि जीभ गुळगुळीत लाल, तळपायांची आग, अंधारात चालताना तोल जाणं असं काही असेल, तर ‘नॉर्मल’ छापलेलं असलं तरी मिथाइलमॅलोनिक अॅसिडची (बी-१२ खरंच कमी पडतंय का ते दाखवणारी) तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. इंजेक्शन घ्यायचं असेल त्या महिन्यात आधी रक्त द्या, मग इंजेक्शन; उलट केलं तर आकडा फुगलेला येतो. केस गळतात म्हणून बायोटिन घेत असाल तर लॅबमध्ये सांगा आणि दोन-तीन दिवस आधी ते थांबवा, कारण त्याने थायरॉइडचे रिपोर्ट चुकतात.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका, नेहमीचीच घ्या. कित्येक महिने सगळंच सुटलं असेल तर फोलिकची गोळी आणून सुरुवात करू नका. आधी रक्त द्या. खाणं कमी असेल किंवा उलट्या असतील तर बी-१ लगेच सुरू करण्याबद्दल विचारा, आणि फोलेट बी-१२चा रिपोर्ट आल्यावर.